अनुभव आहे, नोंद नाही

सोयाबीनची सोंगणी लागली की बुलढाणा जिल्ह्यातल्या महाविद्यालयांचे वर्ग रिकामे पडू लागतात. मेहकर, लोणार, चिखली या घाटावरच्या तालुक्यांत हे दरवर्षी दसऱ्याच्या आगेमागे घडते. घाटाखाली, नांदुरा-जळगाव जामोदकडे, कपाशीची वेचणी सुरू झाली की तिकडचेही बाक ओस पडतात. प्राध्यापक हजेरीपटावर खुणा करतात, प्राचार्य पालकांना पत्र धाडायचे मनात आणतात आणि सोडून देतात, कारण पालकही शेतात आणि पाल्यही शेतात. त्या पंधरा-वीस दिवसांत मुलगा काय करत असतो? सोंगणीवाल्यांशी एकराचा भाव ठरवतो, पाऊस दिसला की सुडी झाकायला ताडपत्री शोधतो, थ्रेशरवाल्याकडे नंबर लावून रात्री उशिरा मळणी उरकतो. ओलावा जास्त आहे म्हणून व्यापारी भाव पाडू लागला की वाद घालतो, काटा होईपर्यंत बाजार समितीच्या आवारात थांबतो आणि घरी आल्यावर मजुरी, बियाणे, फवारणी वजा जाता काय उरले ते आईला सांगतो. दोन वर्षांनी त्याला एखाद्या मुलाखतीत विचारतात, "कामाचा काही अनुभव?" तो म्हणतो, "नाही सर, फ्रेशर आहे."

जिल्ह्यातल्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी लिहिलेल्या या पुस्तकाचा विषय एका वाक्यात सांगायचा तर हे उत्तर बदलणे, असा सांगता येईल. मुलाखतीला काय घालावे, हात कसा मिळवावा, इंग्रजीत स्वतःची ओळख कशी करून द्यावी, अशी प्रकरणे यातही आहेत. ती वाचकाने भराभर वाचावीत. तेवढे कुठेही मिळते. थांबायचे ते मधल्या प्रकरणांवर, जिथे शिकता शिकता काम कसे मिळवावे, ते कोणाकडे मागावे आणि केलेले काम कागदावर कसे आणावे हा प्रश्न आहे. माझी ही प्रस्तावनाही तेवढ्याच प्रश्नाची आहे.

शिकणाऱ्याला कामाशी जोडून देणे ही विद्यापीठाची जबाबदारी आहे, हा विचार तसा फार जुना नाही. ऑक्सफर्डमध्ये पदवीधरांना नोकऱ्या सुचवणारी समिती १८९२ मध्ये स्थापन झाली. १९०६ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाने मुलांना आळीपाळीने वर्गात आणि कारखान्यात पाठवायला सुरुवात केली. वर्गात शिकलेले कारखान्यात तपासायचे आणि कारखान्यात अडलेले वर्गात विचारायचे, अशी ती योजना होती. आपल्याकडे याच दिशेने पण वेगळ्या गरजेतून विचार झाला. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची मांडणी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात मुलांच्या श्रमावर वसतिगृहे चालवली आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले, तेही 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. आपल्या विदर्भात पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय उभे केले. या सगळ्यांपुढचा प्रश्न होता गरिबाच्या मुलाच्या फीचा आणि जेवणाचा. श्रमाची किंमत त्यांनी ओळखली, मुलांना शिकवले, माणसे घडवली. पण वसतिगृहाची विहीर खणणाऱ्या मुलाला त्या खणण्याचा नोकरीत उपयोग व्हावा ही अपेक्षा तेव्हा नव्हती आणि असायचे कारणही नव्हते, कारण तेव्हा पदवी हीच पुरेशी होती.

आता ती पुरत नाही. म्हणून महाविद्यालयात 'करिअर गायडन्स अँड प्लेसमेंट सेल' असतो. खरे सांगायचे तर बऱ्याच ठिकाणी तो नॅकची समिती येते म्हणून असतो. दारावर पाटी, आत एक कपाट, कपाटात स्पर्धा परीक्षेची पुस्तके आणि वर्षातून एक व्याख्यान. व्याख्यान बहुधा पोलीस उपनिरीक्षक किंवा नायब तहसीलदार झालेल्या माजी विद्यार्थ्याचे असते आणि ते ऐकून पंचवीस मुले पुण्याच्या सदाशिव पेठेत खोली पाहायला निघतात. ज्या प्राध्यापकाकडे हे काम दिलेले असते तो कित्येकदा तासिका तत्त्वावर असतो. पुढच्या जूनमध्ये आपण याच महाविद्यालयात असू का हे ज्याला ठाऊक नाही, त्याने इतरांच्या भवितव्याचे मार्गदर्शन करायचे. यात त्या माणसाचा दोष नाही. मी अशी माणसे पाहिली आहेत जी स्वतःच्या खिशातून फोन करून मुलांसाठी काम शोधतात. व्यवस्थेने मात्र हे काम कोणाचे तरी उरलेल्या वेळातले काम मानले आहे.

अभियांत्रिकीचे तसे नाही. शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्ये सुरू झाले, त्याच वर्षी १ मे रोजी अमरावती विद्यापीठही. अभियांत्रिकीच्या मुलाला ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसर माहीत असतो, त्याच्या दालनाबाहेर रांग असते, कोणती कंपनी कधी येणार हे मुलांना पाठ असते. त्याच जिल्ह्यात, त्याच विद्यापीठाच्या पदवीसाठी बी. ए. करणाऱ्या देऊळगावराजाच्या मुलीला विद्यापीठ म्हणजे गुणपत्रिकेवरचा शिक्का. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम आणि बुलढाणा असे पाच जिल्हे आहेत. बुलढाण्याहून अमरावती सुमारे दोनशे किलोमीटर. जिल्ह्याच्या मुख्य गावी रेल्वे नाही. मुंबई-हावडा मार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव असा घाटाखालून निघून जातो. देऊळगावराजाहून जालना तीसेक किलोमीटरवर आहे आणि तिथे बियाणे कंपन्या, पोलादाचे कारखाने आहेत. पण जालना दुसऱ्या विभागात, दुसऱ्या विद्यापीठाच्या हद्दीत. विद्यापीठाने कितीही चांगला रोजगार कक्ष अमरावतीत उघडला तरी त्याचा उपयोग त्या मुलीला होण्यासाठी तो तिच्या महाविद्यालयात आणि तिच्या तालुक्यात असावा लागेल. अमरावतीने यादी, नमुने आणि पैसा द्यावा. ओळख करून देण्याचे काम चिखलीचे चिखलीत आणि मलकापूरचे मलकापुरातच होऊ शकते.

मग सरकारी योजना? त्या आहेत आणि थोड्या नाहीत. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. १९७३ मध्ये त्यात अभियांत्रिकीचे पदवीधर आले आणि २०१४ च्या दुरुस्तीने इतर पदवीधरांनाही दार उघडले. पण शिकाऊ उमेदवार घेण्याची सक्ती तीस आणि त्याहून जास्त माणसे असलेल्या आस्थापनांवर आहे, आणि आपल्या तालुक्यांच्या गावांत तीस माणसे कामाला असलेली ठिकाणे किती, ते वाचकाने आपल्याच गावात मोजून पाहावे. जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला महिन्याला ६,००० रुपये, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,०००, मुदत सहा महिने, पुढे ती वाढली. ग्रामपंचायतीत, शाळेत, तहसील कार्यालयात मुले बसली, कामही शिकली. मुदत संपल्यावर 'आम्हाला कायम करा' म्हणून आंदोलने झाली, कारण त्या अनुभवाचे पुढे काय करायचे हे कोणी सांगितले नव्हते. त्याच वर्षी केंद्राची प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना आली, २१ ते २४ वयासाठी, महिना ५,००० रुपयांची. या दोन्ही योजनांत एक अट समान आहे : पूर्णवेळ शिकत असलेला विद्यार्थी चालत नाही. म्हणजे सरकारच्या हिशेबी आधी शिक्षण संपवायचे, मग अनुभव घ्यायचा. शिकत असताना काम, हा कोपरा महाविद्यालयालाच झाडायचा आहे.

नव्या शैक्षणिक धोरणाने तो कोपरा निदान नकाशावर आणला. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पदव्युत्तर पहिल्या वर्षाला चार क्रेडिटचे ऑन जॉब ट्रेनिंग आले. एका क्रेडिटला तीस तास, म्हणजे १२० तास. मुले त्याला 'ओजेटी' म्हणतात. पदवीच्या आराखड्यातही क्षेत्रीय प्रकल्प, समाजसंपर्क आणि पुढे ओजेटी अशा पायऱ्या आहेत. कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात पहिल्या दोन वर्षांत काय झाले ते सगळ्यांना माहीत आहे : मामाच्या दुकानाचा शिक्का, मित्राच्या वडिलांच्या सीए कार्यालयाचे पत्र, १२० तास भरल्याचा दाखला. मामाच्या दुकानाला माझा विरोध नाही. मामाचे कृषी सेवा केंद्र असेल आणि भाच्याने महिनाभर तिथे साठा रजिस्टर सांभाळले, उधारी वसूल केली, कोणत्या शेतकऱ्याने कोणते औषध का मागितले ते समजून घेतले, तर तो कोणत्याही पंचतारांकित कंपनीच्या प्रमाणपत्रापेक्षा चांगला अनुभव आहे. अडचण इतकीच की शिक्का बसतो आणि भाचा दुकानात जात नाही.

या गोंधळात आपल्या जिल्ह्यासमोर एक चांगला नमुना आहे आणि तो कला-वाणिज्यवाल्यांनी कधी निरखून पाहिला नाही. तो म्हणजे कृषीदूत. कृषी पदवीच्या सातव्या सत्रात मुले-मुली गावात येतात. मुलींना कृषीकन्या म्हणतात. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या रंधावा समितीने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रामीण कृषी कार्यानुभवाची शिफारस केली, तिथून हे सर्वत्र रुळले. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांची मुले दर पावसाळ्यात आपल्या गावांत दिसतात. ग्रामपंचायतीसमोर रांगोळीच्या रंगांनी गावाचा नकाशा काढतात. सरपंच, पोलीस पाटील आणि म्हातारी मंडळी भोवती जमून 'अरे, नाला इकडून नाही, तिकडून जातो' म्हणून दुरुस्त्या सांगतात. घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवणक्षमता कशी तपासायची ते गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून दाखवतात. बीजप्रक्रिया, बोर्डो मिश्रण, मातीचा नमुना. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या तालुका पानावर फोटो असतो. शेतकरी थोडी थट्टा करतात. वीस वर्षे पेरलेल्या माणसाला कालचे पोट्टे बीजप्रक्रिया शिकवतात याची गंमत वाटणारच. पण उगवण चाचणीत शंभरातले चाळीस दाणेच उगवलेले दिसले की तोच माणूस दुसऱ्या वाणाचे दाणे घेऊन येतो.

फोटोपुरते उरकणारे कृषीदूतही असतात, हे मी जाणतो. तरीही त्या योजनेत काय काय पक्के बांधले आहे ते पाहा. त्या कामासाठी सत्रात वेळ राखून ठेवलेला आहे. तास बुडवून करावे लागत नाही. प्रत्येकाला एक यजमान शेतकरी नेमून दिलेला असतो, ज्याचे नाव-गाव कागदावर असते. रोजची दैनंदिनी लिहावी लागते. मार्गदर्शक प्राध्यापक गावात येऊन पाहतो आणि शेवटी तोंडी परीक्षा होते, तिच्यात दैनंदिनीतलेच प्रश्न विचारले जातात. शिक्क्यावर काम भागत नाही, कारण काय पाहिले ते सांगावे लागते. बी. ए., बी. कॉम., बी. एस्सी.च्या ओजेटीला याहून वेगळे काही नको आहे. यजमान शेतकऱ्याच्या जागी यजमान दुकानदार, यजमान पतसंस्था, यजमान रुग्णालय ठेवा. दैनंदिनी तीच, तोंडी परीक्षा तीच.

यजमान कुठून आणायचे, असे प्राचार्य विचारतात. जिल्हा मागास आहे, उद्योग नाहीत, हे आपण इतक्या वेळा म्हणतो की म्हणताना आजूबाजूला पाहत नाही. १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या हस्ते जलंब-खामगाव रेल्वे फाटा सुरू झाला तो इथल्या कापसासाठी; सरकीपासून गाठीपर्यंतचा तो धंदा जिनिंगमध्ये आजही पाहता येतो. खामगावची चांदी आहे, एमआयडीसीत हिंदुस्थान युनिलिव्हरचा कारखाना आहे. बुलढाणा अर्बन ही पतसंस्था राधेश्याम चांडक यांनी १९८६ मध्ये बुलढाण्यातच सुरू केली. गोदामात माल ठेवून त्यावर कर्ज देण्याचा व्यवहार वाणिज्य शाखेच्या मुलाने तिथे समजून घेतला तर पुस्तकातले तारण प्रकरण त्याला एका दिवसात कळेल. देऊळगावराजा-सिंदखेडराजा पट्ट्यात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बीजोत्पादन चालते. तिथे हाताने परागीकरण करणाऱ्या बाया वनस्पतिशास्त्राच्या पदवीधरापेक्षा फुलाची रचना जास्त जाणतात, त्यांच्याकडे महिनाभर शिकायला हरकत काय? लोणारचे विवर २०२० मध्ये रामसर यादीत गेले. भूगोल, सूक्ष्मजीवशास्त्र, पर्यटन या सगळ्यांना पुरेल इतके काम त्या एका तळ्याभोवती आहे. ज्ञानगंगा अभयारण्यात २०१९ मध्ये तिपेश्वरहून तेराशे किलोमीटर चालत वाघ आला, तेव्हा प्राणिशास्त्राचे किती विद्यार्थी वनखात्याच्या माणसांबरोबर फिरले? शेगाव संस्थानची रांग, महाप्रसाद आणि स्वच्छता शिवशंकरभाऊ पाटलांनी कशी बसवली, हे व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात असायला हवे. (सेवा आणि ओजेटी यांची मात्र गल्लत करू नये. सेवेकरी दाखला मागायला येत नाही.) आणि भेंडवळची घटमांडणी! अक्षय्य तृतीयेला घट मांडतात, दुसऱ्या दिवशी पाऊस-पिकांची भाकिते जाहीर होतात, सगळ्या वर्तमानपत्रांत छापून येतात. वीस वर्षांची भाकिते आणि तालुक्याचे पर्जन्यमान शेजारी ठेवून पाहणे हा संख्याशास्त्राच्या मुलासाठी याहून चांगला क्षेत्रीय प्रकल्प मला तरी सुचत नाही. निष्कर्ष काहीही निघो, तो वाचायला जिल्हाभरातून माणसे येतील.

आता नोंदीचे. पुस्तकातले मला सगळ्यांत आवडलेले प्रकरण बायोडाटाचे आहे. आपल्याकडे नोकरीचा बायोडाटा आणि लग्नाचा बायोडाटा एकाच झेरॉक्सच्या दुकानात टाइप होतो आणि त्यामुळे नोकरीच्या अर्जात उंची, रक्तगट, वडिलांचा व्यवसाय आणि 'स्वभाव : मनमिळाऊ' अशी माहिती येते. केलेले काम तेवढे येत नाही. आईच्या बचत गटाचे दप्तर तीन वर्षे लिहिणारी मुलगी 'अनुभव : निरंक' असे लिहिते. वीस बायांची मासिक बचत, अंतर्गत कर्ज, व्याज, बँकेचा ताळा, हे सगळे तिला येते. ते वहीत आहे, अर्जात नाही. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा आला तेव्हा सेतू केंद्रांवर मध्यरात्रीपर्यंत रांगा होत्या आणि बऱ्याच केंद्रांत संगणकावर महाविद्यालयातलीच मुले बसलेली होती. सातबारा वाचणे, गट नंबर जुळवणे, सर्व्हर बंद पडल्यावर चिडलेल्या शंभर माणसांना शांत ठेवणे : शहरात याला ग्राहक सेवा म्हणतात आणि त्याचा पगार देतात. ई-पीक पाहणी अर्ध्या गल्लीची करून देणारा मुलगा तर प्रत्येक गावात आहे.

या कामाला कागदावर आणण्याची पद्धत लेखकांनी सोपी सांगितली आहे : काय केले, किती काळ केले, किती माणसांचे किंवा किती रकमेचे काम होते, काय अडले, कसे सोडवले आणि याला साक्षी कोण. साक्षी महत्त्वाचा. गटाची अध्यक्ष, केंद्रचालक, बाजार समितीतला अडत्या यांनी चार ओळी लिहून सही केली आणि महाविद्यालयाने त्या तपासून आपला शिक्का मारला, की तो अनुभव झाला. करिअर कक्षाने वर्षभरात एवढे एकच काम केले तरी कपाटातल्या पुस्तकांवरची धूळ मी माफ करीन.

दोन गोष्टी पुस्तकात हव्या होत्या आणि नाहीत, त्या इथे घालतो. पहिली पैशाची. भूमिहीन घरातल्या मुलाला वेचणीच्या दिवसांत मजुरी मिळते. त्याला १२० तास फुकट ओजेटी करा म्हणणे म्हणजे घरातला तेवढा पैसा काढून घेणे. फुकट काम परवडणारी मुले अनुभव मिळवतील आणि न परवडणारी शिक्का शोधतील. म्हणून यजमानाने निदान बसभाडे आणि जेवण द्यावे, आणि महाविद्यालयाने 'कमवा व शिका'चा निधी बागेतले गवत काढण्याऐवजी याकडे वळवावा. वेळही पाहावी : सोंगणी-वेचणीच्या महिन्यांत ओजेटी ठेवू नये, मे महिना बरा. दुसरी गोष्ट मुलींची. मुलगी किती वाजेपर्यंत काम करू शकते हे तिची हिंमत ठरवत नाही, शेवटची एसटी ठरवते. साडेपाचची गाडी चुकली की गावाला दुसरी नाही. यजमान ठरवताना आगाराचे वेळापत्रक शेजारी ठेवावे आणि दोन मुलींना एकाच ठिकाणी पाठवावे. घरची परवानगी मिळायला त्याचाही उपयोग होतो.

हे पुस्तक विद्यार्थी वाचतीलच. पण माझी खरी विनंती त्यांना नाही. जिल्ह्यातले व्यापारी, पतसंस्थांचे व्यवस्थापक, डॉक्टर, वकील, जिनिंगचे मालक, कृषी सेवा केंद्रवाले, छापखानेवाले यांना ती आहे. येत्या वर्षी एखादा विद्यार्थी महाविद्यालयाचे पत्र घेऊन तुमच्या दारात येईल. त्याला चहा पाजून 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणू नका आणि न आलेल्या दिवसांचा दाखलाही देऊ नका. एक टेबल द्या, एक वही द्या, रोज करता येईल असे एक काम द्या, चुकले तर तिथल्या तिथे सांगा. आणि तो जाताना चार ओळी लिहून त्याखाली तुमचे पूर्ण नाव घालून सही करा.